खेळाचे नियम कोण लिहितो?

परवा बारावी झालेल्या भाच्याने विचारले, "मामा, गेम बनवायचे शिक्षण घेतले तर चालेल का?" बहिणीने कपाळावर हात मारला. दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालणाऱ्या पोराने आता त्याचीच पदवी मागावी! डॉक्टर, इंजिनिअर, नाही तर स्पर्धा परीक्षा; याहून वेगळी वाट दिसली की आपल्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. एका पोराच्या शिक्षणावर सारे घर उभे असते, म्हणून ही भीती खोटी नाही. तरीही म्हटले, आधी हे शिक्षण आहे काय ते तरी बघू.

गेम डिझाईनचा विद्यार्थी नियम लिहायला शिकतो. आपली सापशिडीच घ्या. जुन्या पटांवर घरांना पाप-पुण्याची नावे असत आणि शेवटी मोक्ष. पण चाल खेळाडूच्या हाती नाही, ती फाशाच्या हाती! कितीही डोके लढवा, पडेल ते दान मुकाट्याने भोगा. हे प्रवचन कोणा बुवाने दिले नाही, नियमांनीच दिले. आणि पोरे ते हसतखेळत शिकली.

अमेरिकेत लिझी मॅगी या बाईने १९०४ साली 'द लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले. जमिनीचे भाडे खाऊन मालक कसा फुगतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे खेळता खेळता कळावे हा तिचा हेतू. त्यातूनच पुढे मोनोपॉली आला. आपल्याकडचा 'व्यापार' त्याचाच भाऊबंद. टीका गळून पडली, दुसऱ्याला कंगाल करण्याची मजा तेवढी उरली. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तिचे हक्क घेतले, बाईच्या हाती ५०० डॉलर पडले.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हा विषय सिनेमाच्या विद्याशाखेत शिकवतात. शांघायहून तेथे गेलेल्या जेनोव्हा चेनने २००६ साली प्रबंधासाठी 'फ्लो' हा गेमच तयार केला. तेथील प्राध्यापिका ट्रेसी फुलर्टन यांच्या पाठ्यपुस्तकात गेमचा पहिला आराखडा कागदावर करायला सांगितला आहे. पुठ्ठा, फासे, बटणे घ्या. खेळायला माणसे बसवा. आपण गप्प राहून ती कुठे अडतात ते टिपा. संगणक नंतर. म्हणजे सुरुवातीला महागडा लॅपटॉप लागतो, हाही गैरसमजच!

आपल्या देशातही सोय आहे. एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाईनची पदव्युत्तर पदवी मिळते. बारावीनंतर यूसीड परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत डिझाईनच्या पदवीला जाता येते. कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते. या केंद्राच्या संस्था असल्याने अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना ७.५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मुळातच थोड्या, हेही खरे. पण खासगी संस्थांच्या चकचकीत जाहिराती पाहून लाखांची फी भरण्याआधी हे अर्ज भरा. परदेशी जायचे झाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

काल भाचा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट आखत होता. वस्तीत टँकर येतो, रांग लागते, असा खेळ. आम्ही तिघे खेळलो. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलेच नाही.

"मामा, नियम बदलू का?"

उत्तर बहिणीने दिले, "राहू दे तसाच. आपल्याकडे असेच होते."