बाळाचे कपडे सातव्या महिन्यातच शिवून ठेवा

"जन्माआधी काही शिवून ठेवू नये, नजर लागते," असं म्हणत आपल्या अनेक घरांत बाळाच्या कपड्यांना शेवटपर्यंत हात लावत नाहीत. मग कळा सुरू झाल्या की धावपळ उडते. कुणीतरी ट्रंकेतून जुनं लुगडं ओढतं, टराटरा फाडतं आणि पिशवीत कोंबून दवाखान्यात आणतं. त्याला धूळ असते, डांबरगोळीचा वास असतो, पावसाळ्यात ओलही असते. नुकतंच जन्मलेलं बाळ त्यातच गुंडाळलं जातं. प्रसूतीच्या वॉर्डात आम्ही हे इतक्या वेळा पाहिलं आहे की या वेळी आरोग्य पानावर सुई-दोऱ्यावरच लिहायचं ठरवलं.

आपल्या वस्तीतल्या बायांच्या हातात कला आहे. गोधडी, दुपटं, झबलं, टोपडं, कुंची कुणी शिकवावं लागत नाही. नवं काही विकत आणायचीही गरज नाही. हेच काम वेळेवर आणि स्वच्छ केलं, तर ते बाळाचं पहिलं औषध ठरतं.

ऊब का महत्त्वाची?

बाळ नऊ महिने आईच्या पोटातल्या उबेत असतं. बाहेर येतं ते ओलं असतं आणि त्याला आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. अंग गार पडलं की ते सुस्तावतं, दूध ओढत नाही, रक्तातली साखर उतरते, श्वास बिघडू शकतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला हा धोका जास्त.

म्हणून जन्मताच दोन कोरडी, स्वच्छ फडकी हाताशी लागतात. एकाने बाळ पुसायचं आणि ते ओलं फडकं लगेच बाजूला टाकायचं. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून दुसरं वरून पांघरायचं. डोक्यावर टोपडं घालायचं, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि तिथून ऊब पटकन जाते. पहिल्या तासात अंगावर पाजायचं. पहिले २४ तास आंघोळ घालायची नाही. यातलं निम्मं काम आधी शिवून ठेवलेल्या कपड्यांवर अवलंबून आहे.

ग्रहण आणि कात्री

दुसरी भीती ग्रहणाची. पोटुशी बाईने ग्रहणात चिरलं, कापलं, शिवलं तर बाळाचा ओठ फाटतो, असं सांगतात. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत. म्हणजे पाचव्या-सातव्या महिन्यात ग्रहण येतं तेव्हा ओठ कधीच तयार झालेला असतो. कात्रीचा त्याच्याशी संबंध नाही. आईचं तंबाखू-मिश्रीचं व्यसन, काही औषधं, घराण्यात चालत आलेला दोष यांचा संबंध असू शकतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच नोंदणी करा, डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी घ्या, मिश्री सोडा. ग्रहणाच्या दिवशी बाईला उपाशी, पाण्याविना कोंडून ठेवणं मात्र खरंच घातक आहे.

काय शिवायचं, किती शिवायचं

लंगोट निदान वीस, झबली सहा, टोपडी तीन, दुपटी चार आणि पातळ गोधड्या दोन, एवढं पुष्कळ झालं.

कापड सुतीच घ्या. वापरून मऊ झालेली साडी, धोतर, लुंगी उत्तम. नायलॉन आणि सिंथेटिक घाम शोषत नाही, त्याने बाळाला पुरळ येतं. काठ, जर, टिकल्या काढून टाका. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीतून अडीच वितीचे, म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटरचे, वीस चौकोन निघतात. कडा दुमडून धावदोरा घातला की लंगोट तयार. चौकोन दुहेरी करून त्रिकोण बांधायचा.

झबल्याला बटण नको, पिन तर नकोच. पुढून बांधायची आखूड नाडी लावा. मणी, घुंगरू, लटकन, आरसे लावू नका. सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जातो आणि श्वास अडकतो. गळ्यात काळा दोरा नको, त्याचा फास बसू शकतो. टोपड्याची नाडी सैल, दोन बोटं आत जातील इतकी बांधा.

गोधडीला दोन-तीन थर पुरेत. जुन्या गादीतला कापूस किंवा फोम आत भरू नका. टाके जवळजवळ घाला, म्हणजे धुतल्यावर गोळे होत नाहीत. काम सुरू करताना सुया मोजा आणि संपल्यावर पुन्हा मोजा. गोधडीत राहिलेली सुई बाळाच्या पाठीत शिरते.

गोधडी बाळाच्या खाली घाला. तोंडावर ओढून घेऊ नका. राईची उशी आज्या हौसेने शिवतात, पण पहिल्या वर्षात बाळाला उशी लागतच नाही. शिवण उसवली तर राई नाकात जाते. डोकं गोल राहावं म्हणून बाळाची कूस बदलत राहा आणि जागं असताना आपल्यासमोर थोडा वेळ पोटावर ठेवा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात उलट काळजी घ्या. मानेला मागून हात लावून पाहा. घाम असेल तर टोपडं आणि एक थर काढा.

धुणं, वाळवणं, ठेवणं

जुनं कापड आधी साबणाने धुवा, मग उकळत्या पाण्यात घाला आणि कडक उन्हात वाळवा. कापणं-शिवणं झाल्यावर पुन्हा एकदा धुवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर घरात दोरीवर वाळवून दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. ओलसर कपडा घडी करून ठेवू नका.

या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. ते वरून ओळखू येत नाही. अशा बाळाच्या अंगाशी डांबरगोळीचा वास असलेला कपडा आला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि मेंदूपर्यंत इजा पोहोचू शकते. गोळ्यांत ठेवलेली साडी बाळासाठी घेऊ नका, दुसरी शोधा. तयार कपडे धुतलेल्या, कोरड्या कापडी पिशवीत बांधून ठेवा. सातवा महिना संपेपर्यंत ही पिशवी भरलेली हवी. काही बाळं लवकर येतात, ती आपल्या तयारीची वाट पाहत नाहीत.

शिवताना आईने काय सांभाळायचं

भिंतीला पाठ टेकून, कमरेमागे घडी केलेली चादर ठेवून बसा. मांडी घालून तासन् तास बसू नका. अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला, पाणी प्या. पाय सुजत असतील तर थोडे उंच ठेवा. दिवसाच्या उजेडातच शिवा. भिजलेली गोधडी फार जड होते, ती पिळण्या-उचलण्याचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचं.

दहा मिनिटं शिवून दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर "दिवस गेलेत, असं होतंच" म्हणून सोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, गोळीनंतर लगेच चहाही नको. विदर्भातल्या बहिणींनी सिकलसेलची तपासणी करून घ्याच.

हौसेचं शिवण वेगळं, मजुरीचं काम वेगळं

बाळाचं झबलं शिवताना मन रमतं, थकवा आला की हात थांबवता येतो. मजुरीवर घरी आणलेल्या कामात हात थांबत नाही, कारण नगावर पैसे असतात. त्यातली काही कामं पोटातल्या बाळाला थेट घातक आहेत. खोट्या दागिन्यांना डाग देताना शिशाची धूळ हाताला लागते आणि हातातून पोटात जाते. चपला-पर्स चिकटवण्याचं सोल्युशन आणि थिनर यांची वाफ बंद खोलीत साठते. विड्या वळताना तंबाखूचं विष कातडीतून आणि धुळीतून अंगात जातं, बाळाचं वजन कमी भरतं. ही तीन कामं गर्भारपणात बंदच करावीत. त्याऐवजी कापडाचं, फुलांचं किंवा कागदी पिशव्यांचं काम मागून घ्यावं. घरातल्या दुसऱ्या कुणी ही कामं केली तरी ती बाईच्या झोपण्या-जेवण्याच्या खोलीत नकोत.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पण कायद्याचं हे संरक्षण घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईपर्यंत आजही पोहोचत नाही. तिला विश्रांती द्यायची तर घरानेच द्यावी लागते. बुडालेल्या मजुरीला थोडा हातभार म्हणून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. आशाताईंकडे वेळेवर नोंद करा आणि पासबुक आईच्या नावावर ठेवा.

सुई खाली ठेवून लगेच दवाखाना गाठा

सुईत दोरा ओवताना धूसर किंवा दोन-दोन दिसू लागलं, डोकं फार ठणकू लागलं, बांगडी-अंगठी घट्ट होईल इतके हात किंवा चेहरा सुजला, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. झटके येण्याआधीची ही सूचना असते. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, पोटात सतत दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

एकटीने नको, सगळ्यांनी मिळून

वर्षावासात दुपारी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. ऐकता ऐकता हात रिकामेच असतात. वस्तीत ज्यांचं बाळंतपण जवळ आलं आहे त्यांच्यासाठी महिला मंडळाने तेव्हा लंगोट-दुपटी शिवावीत. ज्या घरात सासू नाही, आई दूर आहे, नवरा मजुरीला बाहेरगावी आहे, तिथली पिशवी मंडळाने भरावी. डोहाळजेवणाला ब्लाऊजपीस आणि नारळ देण्यापेक्षा सहा धुतलेली झबली द्या.

आणि भाऊ-दादांनो, कपडे उकळणं, वाळवणं, इस्त्री करणं हे काम तुमचं. बाप होणारा माणूस बाळाचे लंगोट दोरीवर घालतोय, हे वस्तीने पाहू द्या. त्यात लाज कसली?

यंदा तुमच्या गल्लीत कोण पोटुशी आहे, तिचा कितवा महिना आहे, तिची पिशवी भरली का, एवढं आज विचारून या. नसेल भरली तर एक मऊ सुती साडी घेऊन जा. जयभीम.