खर्जाचा खर्च

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर अभिमानाने सांगतात. बेस गिटारच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली काटकसरीची खरेदी जर्मनीतच झाली होती. १९६१ साली हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवणाऱ्या बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला बेस हवी होती. अमेरिकन फेंडरची किंमत शंभर पौंडांच्या घरात, म्हणजे आवाक्याबाहेर. त्याने साधारण ३० पौंडांत जर्मन हॉफ्नर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. बीटल्सची पहिली गाणी तिच्यावर वाजली. १९६३ मध्ये नाव झालं, पैसा आला, तेव्हा त्याने दुसरी बेस घेतली. तीही हॉफ्नरच आणि त्याच मॉडेलची. पहिली १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्याला परत मिळाली.

या गोष्टीवरून कुठलीही स्वस्त बेस चांगली असते, असा अर्थ काढायला नको. ती हॉफ्नर कमी किमतीची होती, पण नीट बनवलेली होती. पहिली बेस बदलायची की आहे तीच सुधारायची, या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

परभणी, सेलू, पूर्णा किंवा गंगाखेडमध्ये शिकू लागलेल्या मुलामुलींकडे बेस येते ती बहुधा दहा-पंधरा हजारांच्या आतली, ऑनलाइन मागवलेली. वर्षभरात तक्रारी सुरू होतात. जाड तार फ्रेटवर खडखडते. पहिल्या दोन फ्रेटवर तार दाबताना बोटं दुखतात. मानेच्या, म्हणजे नेकच्या, खालच्या अंगाला, दहाव्या-बाराव्या फ्रेटपुढे, सूर चढा लागतो. स्पीकरमधून सतत घुंई ऐकू येते. मग व्हिडिओ बघून मनात येतं की पिकअप बदलावेत, ब्रिज बदलावा, नाहीतर सरळ नवीच घ्यावी. घरच्यांकडे पुन्हा पैसे मागायची वेळ येते. त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. यातल्या बहुतेक तक्रारी वाद्याच्या दर्जाच्या नसून जुळवणीच्या असतात. कारखान्यातून निघालेली स्वस्त बेस क्वचितच नीट जुळवलेली असते, आणि तशी असली तरी मराठवाड्याच्या हवेत ती जुळवणी टिकत नाही.

ही जुळवणी आपल्याकडे नवी नाही. मिरजेच्या तानपुऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडीवर कानस आणि पॉलिशपेपर फिरवून जवारी काढतो, तेव्हा जुनाच तानपुरा पुन्हा बोलू लागतो. जवारी बसली म्हणून कुणी तानपुरा विकायला काढत नाही. बेस गिटारच्या सेटअपचं काम याच जातीचं आहे.

बेसच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. त्यासाठी नटपासून, म्हणजे नेकच्या टोकावरच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंतची लांबी नेहमीच्या बेसमध्ये ३४ इंच ठेवलेली असते. नेहमीच्या जाडीच्या चार तारा मिळून नेकवर सुमारे ८० किलोचा ताण टाकतात. या ताणाला तोल देण्यासाठी नेकच्या पोटात एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ही सळई एका हवेत जुळवलेली असते. परभणीत उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठाक होते. पावसाळ्यात तीच हवा ओलसर होते. थंडीत काही वर्षी इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पाच-सहा अंशांची नोंद होते. लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरडं झालं की आकसतं. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेली आणि तेव्हा झकास वाजणारी बेस मे महिन्यात खडखडली, तर तो तिचा दोष मानू नये. फ्रेटची टोकं बोटाला बोचू लागली, तर तेही याच आकसण्यामुळे. लाकूड आत जातं आणि धातू आहे तिथेच राहतो.

तपासायला कारागीर लागत नाही. आधी तारा सुरात लावायच्या, कारण सैल तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं येतं. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट पाहायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास, फट असावी. फट जास्त असेल तर नेक पुढे वाकलेली आहे. फटच नसेल तर ती मागे गेलेली आहे. ट्रस रॉडचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. फिरवल्यावर पुन्हा सुरात लावून, थोडा वेळ देऊन पाहावं. नट अडला तर जोर करू नये. मोडलेली ट्रस रॉड दुरुस्त करण्याचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीपुढे जातो.

नेक सरळ झाली की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजायची. दोन ते अडीच मिलिमीटर उंची नवशिक्याच्या बोटांना सोयीची पडते. ती ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी कमीजास्त होते. शेवटी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि त्याच फ्रेटवर तार दाबून निघणारा सूर मोबाइलमधल्या ट्यूनरवर ताडून पाहायचे. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचा त्या तारेचा ठोकळा मागे घ्यायचा, उतरला तर पुढे आणायचा. दुपारभराचं काम आहे. खर्च म्हणाल तर एल-की, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मिलिमीटरची पट्टी. शिकणाऱ्याने हे स्वतः करावंच, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण या हवेत ते वर्षातून दोनतीनदा करावं लागतं आणि दर वेळी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठणं कुणाला परवडणार? नटच्या खाचा खोल करण्याचं काम मात्र जाणत्याकडेच द्यावं. खाच एकदा जास्त घासली गेली की नटच बदलावा लागतो.

त्यानंतर तारा. स्वस्त बेसवर आलेल्या तारा बहुधा निकृष्ट असतात, आणि वर्षभर घाम खाल्ल्यावर त्या मेलेल्याच असतात. चांगला सेट दोन-तीन हजारांत येतो. एवढ्या पैशांत आवाजात इतका मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. इथे कुणी जेम्स जेमर्सनचं नाव घेईल. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांना बेस देणारा हा वादक १९६२ च्या फेंडर प्रिसिजनवर वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. पण त्याच्या तारा जाड आणि गुळगुळीत पृष्ठभागाच्या, फ्लॅटवाउंड होत्या. त्या जुन्या झाल्या की आवाज मऊ आणि गोल होतो. स्वस्त बेसवर असतात त्या खरखरीत राउंडवाउंड. त्या जुन्या झाल्या की आवाज नुसता बसतो. जेमर्सनकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. तो मुख्यतः एकच बेस आणि उजव्या हाताची तर्जनी, एवढ्यावर वाजवत होता.

घुंईचा उगम बेसमध्ये असतोच असं नाही. तारांना किंवा ब्रिजला हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर आधी घरातलं अर्थिंग, केबल आणि जवळची ट्यूबलाइट किंवा चार्जर तपासावा. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून घेणं काही शेकड्यांत होतं. ॲक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल जॅकमध्ये तशीच ठेवली की ती संपते, आवाज फाटू लागतो आणि बेस बिघडली असं वाटतं.

यापुढे पैसे उरले, तर ते ॲम्पकडे वळवावेत. सहा-आठ इंची स्पीकरचा सरावाचा ॲम्प ४१ कंपनांचा मूळ सूर पुरता उचलूच शकत नाही. कानावर येतात ते त्याचे वरचे उपस्वर. अशा ॲम्पवर ऐकून बेसचा न्याय करणं चुकीचं आहे. दुकानात किंवा मित्राकडे मोठ्या बेस ॲम्पवर, निदान चांगल्या हेडफोनवर, तीच बेस ऐकून पाहावी. कार्यक्रमाच्या मंचावर तर आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच जाणार असतो. तिथे बेसचा आवाज थेट मिक्सरला जोडणारा एक साधा डीआय बॉक्स आणि भक्कम केबल महागड्या पिकअपपेक्षा जास्त कामाला येतात.

पिकअप बदलण्याचा हिशेब फार क्वचित जमतो. नावाजलेल्या कंपनीचा जोड सहज दहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे दहा-बारा हजारांच्या बेसमध्ये जवळजवळ तेवढेच पैसे घालायचे, आणि विकायला गेल्यावर त्यातले फारसे परत येत नाहीत. नेक मनासारखी असेल, वाजवायला हात रमत असेल आणि आवाजाबद्दलच तक्रार उरली असेल, तरच हा खर्च पटतो. खुंट्या सरकत असतील तर त्या बदलणं मात्र योग्य, कारण बेसूर वाद्यावर रियाज केल्याने कान बिघडतो.

मग बेस खरोखर बदलायची कधी? नेक पिळवटलेली असेल, म्हणजे एका बाजूने पाहिल्यावर पट्टी दोरीसारखी वळलेली दिसत असेल. ट्रस रॉड शेवटपर्यंत फिरवूनही फट हलत नसेल. काही फ्रेट इतके झिजलेले किंवा उखडलेले असतील की नवे बसवण्याचा खर्च बेसच्या किमतीला भिडेल. किंवा हात लहान असताना ३४ इंची बेस पेलत नसेल. यातलं काहीही असेल, तर सुधारणांवर एक रुपयाही घालू नये. हात लहान असल्यास ३० इंची शॉर्ट स्केल बेस पाहावी. मॅकार्टनीची हॉफ्नरही साधारण याच लांबीची होती.

बदलायचीच ठरली, तर थोडी महाग नवी घेण्यापेक्षा चांगली वापरलेली बेस बघणं शहाणपणाचं. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांचे बरेच नमुने हौस संपल्यावर विक्रीला येतात. देवगिरी एक्सप्रेसने रात्री परभणीहून निघून सकाळी मुंबई गाठणाऱ्याने फुर्ताडोजसारख्या, १८६५ पासून चालत आलेल्या वाद्यांच्या दुकानात नव्या बेसवर हात फिरवून पाहावा आणि मगच वापरलेलीचा सौदा करावा. सौद्याआधी नेक डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहायचं, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवायची, सगळी बटणं फिरवून खरखर ऐकायची आणि ट्रस रॉडचा नट थोडा हलतो का, याची खात्री विक्रेत्याकडूनच करून घ्यायची. मुंबईच्या दमट हवेतून परभणीत आलेली बेस लगेच जुळवू नये. दोन आठवडे ती घरातल्या साध्या खोलीत, कूलरच्या झोतापासून आणि पत्र्याच्या तापण्यापासून लांब ठेवावी, सुरात लावून रोज वाजवावी, आणि मग एल-की हातात घ्यावी.