चलनात न आलेले प्राणी

आयर्लंडची १९२८ सालची नाणी जुन्या नाण्यांच्या शौकिनांना ठाऊक असतात. अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर वळू, पेनीवर पिल्लांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर डुकरीण. मला ओढ आहे ती ही नाणी ठरवणाऱ्या स्पर्धेत मागे राहिलेल्या नमुन्यांची. त्यांची छायाचित्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडून मी तासन्‌तास बघत बसतो.

अशी तुलना करायची संधी क्वचित मिळते. १९२६ च्या कायद्यानं नव्या देशाला स्वतःची नाणी पाडता येऊ लागली. नमुने निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स. आयर्लंडबरोबरच इंग्लंड, स्वीडन, इटली, अमेरिका इथल्या शिल्पकारांनाही बोलावणं गेलं. सगळ्यांना प्राण्यांची तीच यादी दिली आणि प्राचीन ग्रीक नाण्यांची छायाचित्रं पाठवली. विषय एक, आदर्श एक, वर्तुळही एकच. त्यामुळे जो फरक दिसतो तो निव्वळ हाताचा आणि नजरेचा.

प्लास्टरचा नमुना नाण्याहून कितीतरी मोठा असतो, आणि डोळा फसतो तो तिथेच. मोठ्या छायाचित्रात घोड्याचा एकेक स्नायू बघत राहावा असा वाटतो. तेच चित्र पेनीएवढं, म्हणजे जेमतेम ३१ मिलिमीटरचं करून हातभर अंतरावर धरलं की स्नायू एकमेकांत मिसळतात आणि उरतो एक उंचवटा. म्हणून मी आधी प्राणी बघतच नाही, त्याच्याभोवतीची मोकळी जागा बघतो. पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराचा सामन वर्तुळाची रुंदी व्यापतो, तरी कुठे दाटी होत नाही. आकडा आणि अक्षरं आधीपासून तिथेच असावीत अशी बसतात. इतरांच्या कामात सुंदर जनावर आहे, पण अक्षरांना नंतर जागा शोधून दिल्यासारखी वाटते. शिल्प म्हणून त्यांतली काही मला आजही मोहवतात.

समितीनं निवड कशी केली ते येट्सनी लिहून ठेवलं आहे. सह्यांवर कागदाच्या पट्ट्या डकवून नमुने टेबलांवर मांडले होते. फक्त एक संच फळीवर बसवलेला असल्यानं शेकोटीवरच्या फडताळावर उभा होता. तेवढाच त्यांना ओळखू आला: स्वीडनच्या कार्ल मिलेसचा, त्याच्या जोरकस हातामुळे. पण कौल मेटकाफला मिळाला. याचा घोडा, त्याचा ससा अशी वेचणी करणं समितीनं टाळलं, आणि मला ते पूर्ण पटतं. खिशात ही नाणी एकत्र खुळखुळणार असतात, ती एका घरची दिसायला हवीत.

युगोस्लाव्हियाच्या इव्हान मेश्त्रोविचची गोष्ट मात्र चुटपुट लावते. बोलावणं त्याच्यापर्यंत उशिरा पोचलं. त्यानं एकच हार्प घडवली आणि मुदत टळल्याचं कळल्यावर ती देशाला भेट देऊन टाकली. पुढे आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं ती आपल्या मुद्रेसाठी घेतली.

जिंकलेल्या मेटकाफचेही काही नमुने वाया गेले, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. शेतीखात्याच्या जाणकारांनी त्याचे प्राणी तपासले. त्याचा पहिला वळू येट्सना सर्वांत देखण्या आकृतींपैकी एक वाटत होता, पण उत्तम पैदाशीचा आदर्श म्हणून तो चालेना. बदललेला वळूही तोडीचा उतरला, हे त्यांनी मान्य केलं. डुकरांच्या बाबतीत तसं झालं नाही. बाजारातल्या मागणीपायी त्यांचे गोल गाल गेले, आणि येट्स त्याबद्दल हळहळले. मी त्यांच्याच बाजूचा आहे. नाण्यावरचं जनावर कुणी विकत घेणार नसतं. ते डौलानं उभं असलं की पुरे. शेतीखात्याचं ऐकून एकदा हात फिरवला तो वळूपुरता ठीक होता. डुकरिणीला तरी तशीच राहू द्यायला हवी होती.