डॉ. ना. सु. हर्डीकर आणि हिंदुस्थानी सेवा दल : एका नांवाचा कालनिर्णय

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणाऱ्यांचें लक्ष बहुधा सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांकडे असतें. विसाव्या शतकांतील स्वयंसेवकांच्या याद्या, शिबिरांचीं पत्रकें, वर्गणीच्या पावत्या यांस 'जुना कागद' म्हणावयास मन सहसा धजत नाहीं. परंतु शंभर वर्षें उलटलीं म्हणजे असा कागदही इतिहासाचें साधनच होतो. भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या घरचें दप्तर चाळतांना 'सेवा दल' हें नांव पुढें आलें, तर तें कोणत्या संस्थेचें व कोणत्या सालचें, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. कारण या नांवाच्या एकाहून अधिक संस्था होऊन गेल्या आहेत. त्यांचा उलगडा संस्थापकाच्या चरित्रावांचून होत नाहीं, आणि त्या चरित्रांतील निर्णायक प्रसंग भंडाऱ्यापासून सुमारें ६० किलोमीटरवर, नागपुरास घडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचा जन्म ७ मे १८८९ रोजीं धारवाड येथें झाला. वैद्यकाच्या अभ्यासानंतर ते १९१३ सालीं अमेरिकेस गेले व मिशिगन विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्य या विषयाचें शिक्षण त्यांनीं पुरें केलें. तेथें लाला लजपतराय यांनीं न्यूयॉर्क येथें १९१७ सालीं काढलेल्या होमरूल लीगच्या कामांत ते पडले. १९२१ सालीं ते स्वदेशीं परतले. हुबळीस त्यांनीं तरुणांचें एक सेवा मंडळ उभें केलें. हें हुबळी सेवा मंडळ हा पुढील सर्व कार्याचा मूळ गाभा होय.

१३ एप्रिल १९२३ रोजीं नागपुरास झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जाण्यास सरकारची बंदी होती. प्रथम जमनालाल बजाज व त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनीं लढ्याचें सूत्र हातीं घेतलें. प्रांतोप्रांतींच्या तुकड्या आल्या व तुरुंग भरले. अखेर १८ ऑगस्ट रोजीं मिरवणूक त्या भागांतून गेली आणि पुढें कैदी सुटले.

या लढ्यांत हर्डीकरांच्या मंडळाचे स्वयंसेवकही तुरुंगांत गेले. कारावासाचा जाच न सोसवून पुष्कळांनीं माफी लिहून दिली व सुटका करून घेतली. हुबळीकरांनीं मात्र माफी मागितली नाहीं, अशी सेवा दलाच्या इतिहासांत परंपरा आहे. येथें संशोधकानें एक सावधगिरी बाळगावी. ही हकीकत मुख्यत्वें दलाच्याच पक्षाकडून सांगितली गेली आहे. तिची छाननी तुरुंगाच्या नोंदवह्या, खटल्यांचे कागद व तत्कालीन वृत्तपत्रें यांच्या आधारेंच व्हावयास पाहिजे. शिवाय लढ्याचे अखेरचे महिने हे धानाच्या मुलखांत पेरणी-रोवणीचे असतात. घरीं शेत पडून असतां ज्यानें कागदावर सही केली, त्यास एका शब्दांत भेकड ठरविणें इतिहासास शोभत नाहीं.

हर्डीकरांनीं या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष मात्र निःसंशय मोलाचा होता. उत्साहाच्या भरांत तुरुंगांत जाणें सोपें. तेथें टिकणें हें शिक्षणाचें व सवयीचें काम आहे. निःशस्त्र लढ्यासही कवायत, आज्ञापालन व सांघिक शिस्त यांची तयारी लागते. डिसेंबर १९२३ मध्यें काकीनाडा येथें काँग्रेस भरली असतां जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानी सेवा दलाचा पाया घातला गेला. (जुन्या कागदांत या गांवाचें नांव 'कोकोनाडा' असें आढळतें.)

या कल्पनेस काँग्रेसमध्येंच विरोध झाला. लष्करी थाटाची कवायत अहिंसेशीं विसंगत आहे, असें कांहींस वाटलें. पाय जुळवून चालण्यावांचूनही आज्ञा पाळतां येते, असें दुसरे म्हणत. म्हणून दल आरंभीं काँग्रेसच्या अंगभूत नसून तिच्या शेजारीं उभें राहिलें. हर्डीकरांनीं कवायत, प्रथमोपचार व सभांची व्यवस्था यांचें शिक्षण सुरू केलें. 'व्हॉलंटियर' हें इंग्रजी मासिक ते चालवीत. १९२४ च्या बेळगांव काँग्रेसच्या वेळीं उमाबाई कुंदापूर यांनीं स्त्री-स्वयंसेविकांचें पथक उभें केलें. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारीं सकाळीं ध्वजवंदन करण्याचा प्रघातही दलानेंच पाडला.

१९३१ सालीं कार्यकारी समितीनें दलास काँग्रेसच्या स्वयंसेवक संघटनेचें स्थान दिलें. १९३२ सालीं त्यावर बंदी आली. १९३४ सालीं काँग्रेसवरील बंदी उठली, तरी हिंदुस्थानी सेवा दलावरील बंदी कायम राहिली. जें नांव सरकारास पक्षाच्या नांवाहूनही अधिक खुपलें, त्याच्या मोलाविषयीं निराळा पुरावा नको.

आतां कालनिर्णयाची खूण सांगतों. 'हुबळी सेवा मंडळ' हें नांव १९२३ पर्यंतच्या पूर्वरूपाचें. 'हिंदुस्थानी सेवा दल' हें त्या वर्षाच्या अखेरीपासूनचें. 'काँग्रेस सेवा दल' हें १९३१ नंतरचें. ४ जून १९४१ रोजीं पुण्यास बांधलेलें, एस. एम. जोशी ज्याचे दलप्रमुख झाले तें 'राष्ट्र सेवा दल' निराळें असून पुढें काँग्रेसपासून अलग झालें. झेंड्याचें चित्र असल्यास तेंही साक्ष देतें : वर पांढरा, मध्यें हिरवा व खालीं तांबडा पट्टा असेल, तर तो १९३१ पूर्वींचा, केशरी, पांढरा, हिरवा व मध्यें चरखा, तर नंतरचा, चरख्याच्या जागीं चक्र असल्यास १९४७ चा अथवा पुढचा. स्थलनिर्णय करतां लक्षांत ठेवावें कीं, १९२० च्या घटनेनें भंडारा जिल्हा काँग्रेसच्या नागपूर प्रांतांत पडला. आणि आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यांतच होता. यास्तव गोंदिया-तिरोड्याकडील त्या काळचे कागद भंडाऱ्याच्या नांवानें शोधावेत.

स्वातंत्र्यानंतर हर्डीकर १९५२ पासून १९६२ पर्यंत राज्यसभेचे सभासद होते. १९५८ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. घटप्रभा येथील कर्नाटक आरोग्यधामाशीं त्यांचा निकट संबंध होता. २६ ऑगस्ट १९७५ रोजीं ते निवर्तले. त्यांचे खासगी कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत (२०२३ पासून पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय) जतन झाले असून अभ्यासकांस उपयोगी पडत आले आहेत.

परंतु संस्थापकाचे कागद म्हणजे संस्थेचा अर्धाच इतिहास. उरलेला अर्धा ज्यांनीं दर महिन्यास झेंडा उभारला, त्या अनाम स्वयंसेवकांच्या घरीं असावयाचा. आणि बंदीच्या काळांत असे कागद जवळ बाळगणें हेंच जोखमीचें होतें. जे वांचले असतील, ते बहुधा चरित्रनायकाच्या नांवाचे नसल्यामुळेंच रद्दींत जातात. सनदेचा तुकडाही ज्यांनीं कधीं टाकला नाहीं, त्या संग्राहकांनीं या पिवळ्या पत्रकांवर तारीख, गांव व घरमालकाची सांगी टिपून तीं जपावींत, एवढीच विनंती. नागपूरच्या तुरुंगांत कोण टिकला व कोणीं कां माफी मागितली, हें सांगण्याचा अधिकार त्यांच्याच दप्तरास आहे.