चार्जर आहे, केबल नाही!



आपल्या सिल्वासात इलेक्ट्रिक गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमाला आलात तर बाहेर हिरव्या नंबरप्लेटच्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. त्यातली एक आमची. पण आज कौतुक सांगायचं नाही, एक फजिती सांगायची आहे. ती उद्या तुमच्यावरही येऊ शकते.

गेल्या गणपतीत मुंबईहून परतत होतो. मागे आई आणि झोपलेला मुलगा, शेजारी बायको. तलासरीच्या अलीकडे चार्जिंग करायचं ठरवलेलं. ॲपमध्ये चार्जर हिरवा, म्हणजे ‘उपलब्ध’ दिसत होता. पोहोचलो तर खांब उभा, स्क्रीनवर दगड मारल्यासारखा तडा, आणि केबल मुळापासून कापलेली. गाडीत 38 किलोमीटरची शिल्लक, घर साधारण तेवढंच लांब. एसी बंद करून निघावं, तर भिलाड-नरोलीच्या वाटेवर रात्री अडकण्याची भीती. आई एवढंच म्हणाली, ‘‘आपली जुनी पेट्रोलची बरी होती रे.’’

शेवटी शेजारच्या ढाब्याने वाचवलं. मालकाला विचारलं, ‘‘दादा, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का?’’ त्याने फ्रीजरच्या बाजूचा प्लग दाखवला. डिकीतली घरगुती चार्जिंगची केबल लावली, चहा-भजी झाली, गप्पा झाल्या. अडीच तासांत सुमारे सात युनिट वीज भरली, म्हणजे चाळीसेक किलोमीटरची सोय. विजेचे दीडशे रुपये आम्ही बळेच दिले. दमणगंगेचा पूल ओलांडला तेव्हा साडेबारा वाजले होते.

हे करतं कोण, आणि का?

पहिलं कारण तांबं. जलद चार्जरच्या जाड केबलमध्ये काही किलो तांबं असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘इलेक्ट्रिफाय अमेरिका’ या कंपनीच्या 2023 मध्ये वर्षभरात 125 केबल कापल्या गेल्या होत्या; 2024 मध्ये मे महिन्यापर्यंतच हा आकडा 129 वर गेला. चोराच्या हाती एका केबलमागे जेमतेम 15 ते 20 डॉलर पडतात, असा अंदाज तिथे सांगितला गेला. नवी केबल बसवायला मात्र त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि तोवर शेकडो गाड्या रिकाम्या हाताने परततात. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी केबलमध्ये जीपीएस बसवणं, केबलवर खुणेचा अदृश्य द्रव लावणं असे उपाय सुरू झाले आहेत. कारण सरळ आहे. भंगारात घेणारा असेल तरच कापणारा असतो.

दुसरं कारण निव्वळ टवाळी. स्क्रीन फोडायची, लाल इमर्जन्सी बटण दाबून पळायचं. ते बटण दाबलेलं राहिलं की चार्जर बंदच राहतो आणि आपल्याला वाटतं बिघडला.

तिसरं कारण थोडं बोचणारं आहे, कारण ते आपण स्वतः आहोत. चार्जिंग झालं की गन जमिनीवर टाकून निघणारे, केबल ओढून-ताणून लावणारे, केबलवरून गाडी नेणारे हे सगळे गाडीवालेच असतात. चिखल-पाणी गेलेली गन खराब व्हायला चोर लागत नाही.

तुटका चार्जर दिसला तर

• कापलेल्या केबलला हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. गाडी आणि चार्जर यांची आपसात ओळख पटल्याशिवाय गनमध्ये वीज सोडली जात नाही, हे खरं. पण तोडफोड झालेल्या यंत्राचा भरवसा धरू नये. जलद चार्जरमध्ये शेकडो व्होल्टचा खेळ असतो. पावसात तर लांबच राहा.
• लांबूनच फोटो काढा आणि चार्जरवरच्या हेल्पलाइनला यंत्राचा क्रमांक कळवा. ॲपमध्येही ‘बंद’ अशी नोंद टाका. तुमच्या एका ओळीने मागून येणाऱ्या कुटुंबाची रात्र वाचते.
• कोणी कापताना दिसलं तर एकट्याने अडवायला जाऊ नका. 112 वर फोन करा.
• चार्जर सरकारी असेल तर 1984 च्या सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. खाजगी कंपनीचा असला तरी चोरी आणि मुद्दाम केलेलं नुकसान हे गुन्हेच आहेत.

निघण्यापूर्वी

आमचा घरचा नियम आता ठरला आहे: एक चार्जर ठरवायचा, दुसरा हाताशी ठेवायचा, आणि पहिल्यापाशी पोहोचताना दुसऱ्यापर्यंत जाण्याइतकी बॅटरी शिल्लक हवी. ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर न थांबता, तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं आणि लोकांनी काय लिहिलंय तेही बघायचं. ऊर्जा दक्षता ब्युरोचं ‘ईव्ही यात्रा’ हे ॲप डिसेंबर 2022 पासून आहे, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एकत्र शोधता येतात. आणि डिकीत घरगुती केबल कायम असू द्यायची, एखादा ढाबा देवासारखा भेटतोच.

जागा निवडताना उजेड, माणसांची वर्दळ आणि कॅमेरा असलेला पंप किंवा हॉटेल पसंत करा. जिथे चोवीस तास माणूस असतो, तिथे केबल सहसा जागेवर असते. आपल्यापैकी अनेकांचे कारखाने आहेत, हॉटेलं आहेत. तिथे चार्जर बसवायचा असेल तर तो मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न लावता वॉचमनच्या नजरेसमोर लावा.

परवा मुलाने विचारलं, ‘‘बाबा, ती केबल आपली नव्हती ना? मग तुम्ही फोन का करत होता?’’ मी म्हटलं, ‘‘आपली नव्हती, पण आपल्यासाठीच होती.’’ त्याला किती कळलं माहीत नाही. पण आता चार्जिंग झालं की गन खाचेत नीट ठेवण्याचं काम तो माझ्या हातून काढून घेतो. पुढच्या सहलीत तुमच्या मुलांनाही हे काम देऊन बघा.