मानद समिती निवाडा करीत नाही

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना समुपदेशन, वैद्यकीय साहाय्य आणि कायद्याची माहिती पुरवणाऱ्या जिल्हापातळीवरील स्वयंसेवी संस्थांचा कारभार ज्या मानद समित्यांच्या हाती असतो, त्यांच्याविषयी एक समज इतक्या ठिकाणी आणि इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकावा लागतो, की त्याचे निराकरण एकदा विस्ताराने करणे अगत्याचे झाले आहे. तो समज असा की, ही समिती आलेल्या स्त्रीची हकीकत तपासते, ती खरी की खोटी हे ठरवते आणि मग मदत मंजूर अथवा नामंजूर करते. बाहेरच्या लोकांनी असे मानावे हे एक वेळ समजू शकते; परंतु समितीवर नव्याने आलेले सभासदही जेव्हा पहिल्याच सभेत 'प्रकरणांची दप्तरे आमच्यापुढे ठेवा' अशी मागणी करतात, आणि ती अमान्य झाली की आपल्या अधिकाराचा अधिक्षेप झाला असे मानून रुष्ट होतात, तेव्हा या अज्ञानाची किंमत त्या स्त्रीला मोजावी लागते, आणि म्हणून त्याविषयी सौम्यपणे बोलणे कठीण होते.

या गैरसमजाचे मूळ शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. 1997 च्या विशाखा निकालापासून, आणि विशेषतः कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या 2013 च्या कायद्यापासून, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत अंतर्गत समित्या व जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समित्या स्थापन झाल्या, आणि या विषयातील कोणतीही समिती म्हटली की तक्रार, जबाब, साक्षीपुरावा आणि अहवाल हीच मालिका लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली. त्या समित्यांना साक्षीदारास हजर राहण्याचा हुकूम करण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्यानेच दिलेले आहेत, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी करण्याचे बंधनही घातलेले आहे. साहाय्यसंस्थेची समिती ही मात्र बहुधा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचे व्यवस्थापक मंडळ असते; तिचा अखत्यार संस्थेच्या कारभारापुरता असतो, आणि कोणालाही जबाबास हजर राहण्याची सक्ती करण्याचा अधिकार तिला नसतो. खऱ्याखोट्याचा तपास पोलिसांनी करावयाचा आणि निर्णय न्यायालयाने द्यावयाचा. समुपदेशक त्या स्त्रीचे जे ऐकून घेते, ते तिला सावरता यावे म्हणून, निवाड्याची तयारी म्हणून नव्हे.

यावर सभासदांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: उद्या संस्थेवर ठपका आला तर जबाबदार आम्ही, मग प्रकरणाची माहिती आम्हांस का नसावी? युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो, परंतु रुग्णालयाचे विश्वस्त रुग्णालय नीट चालण्यास जबाबदार असतात म्हणून त्यांनी खाटेखाटेवरचे केसपेपर चाळावेत असे कोणी म्हणत नाही. शिवाय येथे एक अधिक गंभीर अडचण आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले, तर बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा त्या स्त्रीच्या परिचयाचा असतो, असे वर्षानुवर्षे दिसून येते. आता जिल्ह्याच्या गावी समितीवर कोण असतात ते पाहा: वकील, डॉक्टर, निवृत्त मुख्याध्यापिका, एखादा व्यापारी, म्हणजे ज्यांच्या ओळखी तालुक्यातालुक्यांत पसरलेल्या आहेत अशीच माणसे. ज्या इसमाविरुद्ध ती स्त्री बोलू पाहते तो यांपैकी कोणाचा पक्षकार, कोणाचा भाडेकरू, कोणाचा व्याही निघण्याचा संभव कितीसा कमी आहे? आपली कहाणी त्या टेबलावर जाणार असे तिला कळले, तर ती पुन्हा संस्थेची पायरी चढेल अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे.

कायद्याचाही कल स्पष्ट आहे. बलात्कारपीडितेची ओळख छापणे वा प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत हेच कलम 228-अ होते. 11 डिसेंबर 2018 रोजी निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ आणखी व्यापक केला: केवळ नावच नव्हे, तर जिच्यावरून ती स्त्री लोकांस ओळखू येईल अशी कोणतीही दूरान्वयाची माहितीसुद्धा प्रसिद्ध करता कामा नये. याच कलमात मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या अध्यक्ष वा चिटणीसाचा उल्लेख येतो, आणि काही अध्यक्ष तो आपल्या अधिकाराचा दाखला म्हणून पुढे करतात. तो उल्लेख पीडिता मृत, अल्पवयीन वा विकलमनस्क असताना तिच्या आप्तांनी लेखी संमती कोणाला द्यावी एवढ्यापुरता आहे. आणि मृत वा विकलमनस्क पीडितेच्या बाबतीत तर निपुण सक्सेना निकालाने अशा संमतीवरही सत्र न्यायाधीशाच्या निर्णयाचा अंकुश ठेवला आहे. संस्थेतील प्रत्येक धारिका उघडण्याचा परवाना त्यातून निघत नाही.

मग समितीपुढे यावयाचे काय? पुष्कळ काही. तिमाही अहवालात किती नव्या स्त्रिया आल्या, किती परत आल्या, पहिल्या भेटीसाठी सरासरी किती दिवस थांबावे लागले, रात्रीचा दूरध्वनी किती वेळा अनुत्तरित राहिला, किती जणींना रुग्णालयात सोबत केली, हे सारे आकड्यांत असावे. नाव नको, गाव नको, जात नको, व्यवसायही नको. कारण 'अमुक तालुक्यातील शिक्षिका, वय 34' एवढे इतिवृत्तात लिहिले की तालुक्याला पुढचे आपोआप कळते. आकडा एक वा दोन इतका लहान असेल तर तो तालुकावार न देता जिल्ह्याच्या बेरजेत मिळवावा. आणि या अहवालात एक प्रश्न समितीने न चुकता विचारावा: समुपदेशकांचे मन हलके करणारी, त्यांच्या कामाची तज्ज्ञाकडून नियमित उजळणी करून घेणारी व्यवस्था आहे काय, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे काय? दिवसामागून दिवस अशा हकीकती ऐकणारी मुलगी दोन वर्षांत नोकरी सोडून जाते, तेव्हा त्याचे कारण तिच्या कोमलपणात शोधण्याऐवजी समितीने आपल्या जमाखर्चात शोधावे. समितीचे खरे कर्तव्य येथे आहे, आणि ते दप्तरे चाळण्यापेक्षा पुष्कळ कष्टाचे आहे.

इतर काही समजांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. काम विनावेतन, म्हणून जबाबदारीही नाममात्र, हे खरे नाही: हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर किंवा विश्वासभंग झाल्यास धर्मादाय आयुक्त वर उल्लेखिलेल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-ड खाली विश्वस्तास निलंबित वा बडतर्फ करू शकतात, आणि तो वेतन घेत होता की नाही हे त्यात पाहिले जात नाही. समितीवर वकील आणि डॉक्टरच हवेत, हेही नाही. जमाखर्च समजणारा एक माणूस नसल्याने होणारा घोटाळा चार वकिलांनाही निस्तरता येत नाही. पोलिसांत फिर्याद दिल्याखेरीज संस्था वा रुग्णालय मदत करू शकत नाही, हा समज तर घातक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांनी विनामूल्य उपचार तत्काळ देणे बंधनकारक आहे; रुग्णालयाने पोलिसांना कळवावयाचे असते हे खरे, परंतु केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती स्त्री तक्रार देण्यास नकार देऊ शकते, आणि त्या नकारामुळे उपचार अडवता येत नाहीत. हद्दीचे कारण सांगून पोलिसांनी फिर्याद नाकारण्याचीही आता सोय उरलेली नाही. गुन्हा कोठेही घडलेला असो, कलम 173 खाली कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो.

गुप्ततेला एक अपवाद मात्र आहे, आणि तो प्रत्येक सभासदाला मुखोद्गत असावा. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे; 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 चे हे बंधन कोणालाही चुकत नाही, आणि कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने आपल्याच हाताखालील माणसाचा असा गुन्हा दडवला तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. म्हणून ही गोष्ट आलेल्या मुलीला पहिल्या भेटीतच, ती बोलू लागण्याच्या आधी, सांगण्याचा शिरस्ता समितीने लेखी ठरावाने घालून द्यावा.

आणि शेजारची बाई सभासदाच्या घरी येऊन 'तुम्ही समितीवर आहात, तुम्हीच काय ते बघा' म्हणाली तर? तिला बसवावे, पाणी द्यावे, संस्थेचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, ती म्हणाली तर तिथल्या तिथे तो लावून द्यावा, आणि पुढच्या सभेत त्याविषयी अवाक्षर काढू नये. ज्याच्याविषयी ती बोलली तो आपल्या परिचयाचा निघाला, तर अध्यक्षांना फक्त 'या प्रकरणाशी माझा संबंध येतो' एवढे लिहून द्यावे आणि संबंधित विषय आला की सभागृहाबाहेर जावे.