बेन्झिन, अस्थिमज्जा आणि रुग्णाचा व्यवसाय

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील षट्कोनी कडे म्हणून बेन्झिनची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना विद्यार्थिदशेतच झालेली असते. मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये हा द्रव वेगळा केला, केकुले यांनी १८६५ मध्ये त्याची कड्यासारखी रचना मांडली आणि पुढे रंग, औषधे, रबर, प्लास्टिक अशा असंख्य वस्तूंचा तो पाया झाला. बडोदेकरांना तर तो परका नाहीच. शहरालगत कोयली येथे १९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, मागोमाग पेट्रोरसायनांचे मोठे संकुल उभे राहिले आणि आपल्या समाजातीलही अनेक कुटुंबांचा चरितार्थ या उद्योगांवर चालला. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या कारखान्यात बेन्झिनच्या साठवण टाकीचा स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. हेच द्रव्य थोड्या थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात जात राहिले तर रक्ताचे काय होते आणि वैद्यकाला ते कसे उमगले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

या विषयातील पहिली महत्त्वाची नोंद १८९७ ची आहे. स्वीडनमधील सँटेसन यांनी सायकलचे टायर बनविणाऱ्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांमध्ये अंगावर जांभळे डाग, रक्तस्राव आणि अखेर मृत्यू अशी प्रकरणे वर्णिली. १९१० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथे सेलिंग यांना डबे सीलबंद करण्याच्या कारखान्यातील मुलींमध्ये तेच आढळले. त्यांनी सशांवर प्रयोग करून बेन्झिनमुळे अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तपेशी घडविणारा मगज, उजाड होतो हे दाखविले. यानंतर जे घडले ते आज वाचताना अंगावर काटा येतो. श्वेतपेशी नष्ट करणारे द्रव्य हाती आले आहे, तर श्वेतपेशी बेसुमार वाढविणाऱ्या ल्युकेमियावर ते औषध म्हणून का देऊ नये, अशा विचाराने हंगेरीतील कोरानी यांनी १९१२ मध्ये रुग्णांना बेन्झिन देण्यास आरंभ केला. आणि १९२८ मध्ये फ्रान्समधील डेलोर व बोर्गोमानो यांनी बेन्झिनच्या संपर्कातील कामगारास तीव्र ल्युकेमिया झाल्याची नोंद केली. एकाच द्रव्याने मज्जा उजाडही होते आणि तिच्यात कर्करोगही उद्भवतो, ही गोष्ट पचनी पडावयास वैद्यकाला पुढे बरीच वर्षे लागली.

ती पचनी पाडण्याचे मोठे श्रेय इस्तंबूल येथील रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सोय यांना द्यावे लागेल. तुर्कस्तानात पादत्राणे, सपाता आणि हातपिशव्या तयार करणारे कारागीर लहान, कोंदट खोल्यांतून काम करीत. १९५५ ते १९६० च्या दरम्यान त्यांच्या हाती स्वस्त असे नवे चिकटद्रव्य आले. त्यातील द्रावक बेन्झिन होते. (आपली कोल्हापुरी चप्पल मूळ पद्धतीत चामड्याच्या वादीने शिवली जाते.) काही वर्षांतच अक्सोय यांच्या रुग्णालयात रक्तपेशी घटलेले चर्मकार येऊ लागले. अक्सोय तेवढ्यावर थांबले नाहीत. ते कामाच्या ठिकाणी गेले. १९७१ मध्ये त्यांनी वरकरणी निरोगी असलेल्या २१७ कामगारांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५१ जणांच्या रक्तात दोष आढळला. यांपैकी कोणीही रुग्ण म्हणून आलेला नव्हता, हे विशेष. १९७४ च्या निबंधात त्यांनी तीव्र ल्युकेमिया किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या २६ चर्मकारांची माहिती दिली. सुमारे २८,५०० चर्मकारांच्या हिशेबात हे प्रमाण वर्षाला लाखामागे १३ पडत होते. सामान्य लोकसंख्येत ते ६ च्या आसपास धरले जात होते. १९६९ पासून तेथे बेन्झिनचा वापर हळूहळू बंद होत गेला आणि त्यानंतर काही वर्षांनी अशा रुग्णांची संख्याही उतरली. कारण दूर केल्यावर कार्य ओसरते, याहून बळकट पुरावा रोगपरिस्थितिविज्ञानात क्वचितच मिळतो. संगणक नाही, मोठे अनुदान नाही. रुग्णाला ‘तुम्ही काम काय करता?’ एवढे विचारून त्या उत्तराचा पाठपुरावा करणारा एक चिकित्सक मात्र होता.

१९७७ मध्ये इन्फंटे व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातील रबर-पटल बनविणाऱ्या कामगारांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ल्युकेमियाने १.३८ मृत्यू अपेक्षित असता ७ झाले होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे.

हे घडते कसे, ते थोडक्यात पाहू. मूळ बेन्झिन स्वतः फारसे घातक नसते, यकृतातील सी.वाय.पी. २ई१ या विकरामुळे त्याचे फिनॉल, हायड्रोक्विनोन यांसारख्या पदार्थांत रूपांतर होते. हे पदार्थ रक्तातून मज्जेत पोहोचतात. तेथील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यांपासून क्विनोन बनविते आणि ही क्विनोने मूळपेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात. विष बाहेर टाकण्यासाठी शरीर जी खटपट करते, तीच येथे अंगलट येते. क्विनोनांना निरुपद्रवी करणारे एन.क्यू.ओ. १ नावाचे विकर काही व्यक्तींमध्ये जन्मतः निष्क्रिय असते. म्हणून एकाच यंत्रावर शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांपैकी एकालाच विकार होऊ शकतो. ‘मग दुसऱ्याला का नाही झाला?’ या प्रश्नाचे उत्तर काही अंशी येथे आहे.

सुरक्षित मर्यादा कोणती, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. अमेरिकेतील शासकीय यंत्रणेने १९७८ मध्ये हवेतील मर्यादा दहा लाख भागांत दहा भागांवरून एका भागावर आणली. १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला आणि १९८७ मध्ये तीच मर्यादा पुन्हा लागू झाली. मधली वर्षे कामगारांनी जुन्या मर्यादेतच काढली. पुढे २००४ मध्ये चीनमधील तिआंजिन परिसरातील २५० पादत्राण-कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या एका भागाहूनही कमी बेन्झिन असलेल्या हवेत काम करणाऱ्यांच्या श्वेतपेशी व बिंबाणू घटलेले दिसले. आपल्या देशात पेट्रोलमधील बेन्झिनची कमाल मर्यादा पूर्वी पाच टक्के होती, ती २०१० पर्यंत देशभर एक टक्क्यावर आली. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार शहरी हवेत त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात मात्र बहुतांश बेन्झिन त्याच्या स्वतःच्या सिगारेटमधूनच जाते. रिफायनरीला बोल लावण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

आता दवाखान्यातील व्यवहाराकडे वळू. तांबड्या पेशी, श्वेतपेशी आणि बिंबाणू तिन्ही कमी दिसले की आपण प्रथम बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा विचार करतो, आणि शाकाहार प्रचलित असलेल्या या प्रदेशात ते योग्यच आहे. परंतु तांबड्या पेशींचा आकार वाढलेला दिसणे हे बेन्झिनच्या परिणामातही आढळते. तेव्हा बी-१२ ची पातळी न मोजता इंजेक्शने सुरू केली आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात केवळ ‘नोकरी’ लिहिले, तर निदानाची वाट तेथेच बंद होते. नोकरी कोठे, कोणत्या विभागात, हात कोणत्या द्रवाने धुता, पूर्वी कोठे होता, हे विचारावयास दोन मिनिटे लागतात. रंगकाम, छपाई, चिकटद्रव्ये, पेट्रोल पंप आणि टाक्यांची सफाई करणारे कंत्राटी कामगार यांच्याबाबत तर ते अगत्याचे. संशय असल्यास लघवीतील एस-फिनाइल मर्कॅप्ट्युरिक आम्ल तपासता येते. म्युकोनिक आम्लाची तपासणीही आहे, पण डबाबंद पदार्थांतील सॉर्बिक आम्लाने ती फसते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने बेन्झिनची विषबाधा सूचनीय रोगांच्या यादीत घातली आणि ती कळविण्याचे कर्तव्य कारखान्याप्रमाणेच उपचार करणाऱ्या डॉक्टरावरही टाकले. व्यावसायिक सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. वेळीच संपर्क तुटला तर घटलेल्या पेशी बहुधा पूर्ववत होतात. ल्युकेमियाचा वाढीव धोका मात्र संपर्क संपल्यानंतरही सुमारे दहा वर्षे विशेष जाणवतो. म्हणून काम बदललेल्या किंवा सेवानिवृत्त झालेल्या अशा रुग्णाची रक्तगणना त्या काळात ठरावीक अंतराने करीत राहावी आणि जुने अहवाल फेकून न देण्यास त्याला आवर्जून सांगावे. एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा उतार अधिक लवकर बोलतो.